ओढीची करवत : जपानी अवजारांविषयीच्या लेखनाची एक तपासणी

१

आपल्याकडची करवत पुढे रेटताना कापते आणि जपानी करवत मागे ओढताना. एका वाक्यात सांगून संपणाऱ्या या फरकावर गेल्या चार-पाच दशकांत इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातला एक सूर ठरलेला आहे. रेटणं म्हणजे पाश्चात्त्य आक्रमकता आणि ओढणं म्हणजे पौर्वात्य नम्रता. जपानी सुतार लाकडावर चाल करून जात नाही, तो लाकडाला आपल्याकडे बोलावतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मीही हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलं होतं. वाचकांना ते आवडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. प्रस्तुत लेख ही त्या वाक्याची तपासणी आहे.

तपासणीची गरज एका खिळ्यामुळे पडली. मी व्यवसायाने सुतार नाही. हौस म्हणून पेट्या, लहान खण, पुस्तकांच्या घोड्या असं काहीबाही करतो. जुन्या वाड्यांच्या पाडकामातून आलेलं सागवान स्वस्तात मिळालं की ते घरी आणून ठेवतो. अशाच एका तुळईच्या तुकड्यावर माझी जपानी करवत चालत असताना आत गाडला गेलेला जुना खिळा आडवा आला आणि पात्याचे चार दात गेले. चूक सर्वस्वी माझी होती. जुनं लाकूड कापण्याआधी त्यात लोखंड आहे का हे चाचपून पाहावं, हे कोणीही सांगेल.

करवत घेऊन मी पेठेतल्या फुटपाथवर बसणाऱ्या धार लावणाऱ्या काकांकडे गेलो. सुतारांच्या करवतींना दात काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी पातं उजेडात आडवं धरलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि खुशीत मान हलवली. मग तिकोनी कानस दाताला लावली. कानस किंचाळून घसरली. दुसऱ्यांदाही तेच झालं. त्यांनी पात्याकडे न पाहता कानशीकडे पाहिलं. झिजली होती ती कानस.

“साहेब, हे कानशीला ऐकत नाही,” ते म्हणाले. “लोखंड नाही हे, काच आहे काच.”

अवजाराच्या आत्म्याविषयी दोन पानं लिहिलेल्या मला, ते अवजार बोथट झाल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न तोवर पडला नव्हता. हा माझ्या एकट्याचा आळस होता, की मी ज्या लेखनातून हे शिकलो त्या लेखनाची ती खोड होती? म्हणून मी ती पुस्तकं पुन्हा काढून बसलो.

२

पुस्तकांकडे जाण्याआधी ओढण्याचं साधं कारण पाहू. पातळ पत्र्याची पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबली तर ती कमानीसारखी वाकते. तीच दोन्ही टोकांना धरून ताणली तर सरळ राहते. रेटताना करवतीचं पातं दाबाखाली असतं, ओढताना ताणाखाली. पात्याचा वाकण्याला असलेला विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की तो आठव्या हिश्शावर येतो. रेटायची करवत म्हणूनच एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. ओढायच्या करवतीला ही अडचण फारशी जाणवत नाही.

फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. दोन्ही काठांना दात असलेल्या ‘ऱ्योबा’ करवतीचं २४ सेंटिमीटरचं पातं साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. तिच्या एका काठाला लाकूड तंतूंच्या दिशेने फाडायचे दात असतात आणि दुसऱ्या काठाला तंतूंना आडवं छेदायचे. सांध्यांच्या नाजूक कामासाठी असलेल्या ‘दोझुकी’ करवतीचं पातं तर ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ असतं. ते लवू नये म्हणून पाठीवर धातूची पट्टी चढवलेली असते. खाचेत बसणाऱ्या कुशीच्या खांद्यावरून या करवतीला नाव मिळालं आहे, कारण तो खांदा कापणं हेच तिचं काम. त्याच कामाची पाश्चात्त्य करवत सुमारे ०.८ मिलिमीटर जाड असते. पातं जितकं पातळ तितकी चीर अरुंद, तितका भुसा कमी आणि तितके श्रम कमी. हिनोकी किंवा सुगी अशा मऊ, सरळ तंतूंच्या लाकडात दोझुकीने घेतलेला काप रंधा मारल्यासारखा दिसतो. हे कौतुक खोटं नाही. माझ्या हाताने ते अनुभवलं आहे.

मात्र या फायद्याची किंमतही आहे. आडव्या छेदाचे दात लांब, सडपातळ आणि तीन पैलूंनी घासलेले असतात. मऊ लाकडात ते सुरीसारखे चालतात, पण कठीण लाकडात, गाठीवर किंवा हात वाकडा गेला तर तुटतात. सागवानात सिलिकाचे कण असतात आणि ते कुठल्याही धारेचे शत्रू. शिवाय ओढताना भुसा कापणाऱ्याच्या बाजूला येतो आणि आखलेली रेघ झाकतो, त्यामुळे दर काही ओढींनंतर फुंकर मारावी लागते. परतीच्या वेळी, म्हणजे करवत पुढे नेताना, जोर लावला तर पातं दुमडतं. इंग्रजी करवतीला हे सगळं चालून जातं. दोन्ही अवजारं आपापल्या लाकडासाठी बनलेली आहेत.

ओढण्याची युक्तीही एकट्या जपानची नाही. प्राचीन इजिप्तच्या तांब्याच्या करवतींचे दात मुठीकडे झुकलेले होते. तांबं मऊ, रेटलं तर वाकणारच. युरोपातल्या सुतारांनी पातं चौकटीत बसवून दोरीच्या पिळाने ताणलं आणि मग बेधडक रेटलं, म्हणजे ताणाचं काम त्यांनी हाताऐवजी चौकटीकडून करून घेतलं. ओढणं हे नम्रतेचं लक्षण मानायचं तर फेरोच्या सुतारालाही नम्र म्हणावं लागेल.

दुसरं एक स्पष्टीकरण बैठकीचं दिलं जातं. जपानी कारागीर जमिनीलगत काम करतो, लाकूड पायाने दाबून धरतो, म्हणून त्याला ओढणं सोयीचं. यात तथ्य आहे, पण हे कारण पुरेसं नाही. आपल्याकडचा सुतार मी लहानपणापासून जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्याखाली आणि टाचेखाली धरून काम करताना पाहिला आहे, आणि त्याच्या हातात इंग्रजी घडणीची, रेटायची करवत असते. बैठक तीच आणि करवत उलटी. शरीराची सवय अवजाराला वाट करून देते, पण अवजाराची दिशा ती एकटी ठरवत नाही.

३

आता इतिहास. ‘प्राचीन जपानी करवत’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने वापरला जातो तिथेच पहिली अडचण आहे. कोफुन काळातल्या, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या शतकांतल्या थडग्यांत लहान लोखंडी करवती सापडल्या आहेत हे खरं. पण त्यानंतर कित्येक शतकं जपानात फळ्या करवतीने फाडल्या जात नव्हत्या. ओंडक्यात पाचरी ठोकून तो उभा चिरायचा आणि मग तासून सपाट करायचा, अशी रीत होती. सरळ तंतूंची हिनोकीची मोठी झाडं होती तोवर हे जमलं. ओंडका उभा फाडणारी, दोन माणसांनी चालवायची चौकटीची ‘ओगा’ करवत आशियाच्या मुख्य भूमीवरून आली ती पंधराव्या शतकाच्या सुमारास. तिच्यामुळे वाकड्या तंतूंच्या झाडांतूनही फळ्या निघू लागल्या. पुढे एका माणसाने चालवायची, पसरट पात्याची ‘माएबिकी’ आली.

ही माएबिकी कशी चालत असे हे पाहायचं तर होकुसाईच्या फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांपैकी तोतोमी प्रांताच्या डोंगरातलं चित्र पाहावं. ही मालिका १८३०च्या आसपासची. एक भलामोठा चौकोनी ओंडका तिरका टेकवून उभा केला आहे. एक माणूस त्याच्यावर चढून कापतो आहे, दुसरा खाली राहून वर तोंड करून कापतो आहे आणि फुजी त्या ओंडक्याच्या टेकूंमधून दिसतो आहे. खालच्या माणसाच्या डोळ्यांत किती भुसा जात असेल, हा विचार मला ते चित्र पाहताना दर वेळी येतो. ओढायच्या करवतीचं जपानी कलेतलं हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र, आणि त्यात ध्यान, मौन, लाकडाशी संवाद यांचा मागमूस नाही. अंगमेहनत आहे. आणि ज्या तपशिलाकडे मी वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तो असा, की चित्रात एक माणूस बसून करवतीला धार लावतो आहे. होकुसाईने कापणाऱ्यांइतकीच जागा धार लावणाऱ्याला दिली. नंतरच्या लेखकांनी ती काढून घेतली.

आज ज्या ऱ्योबाला आपण जपानी करवतीचा नमुना समजतो तिचा प्रसार मेइजी काळात, म्हणजे १८६८नंतर झाला. आगगाडी, पोस्ट आणि पाश्चात्त्य गणवेश ज्या काळात जपानात आले त्याच काळात ही ‘परंपरा’ घराघरांतल्या अवजारपेटीत शिरली. पोलादाची गोष्ट याहून बोलकी आहे. मेइजी काळापासून जपानी लोहारांनी आयात केलेलं पाश्चात्त्य, त्यातही इंग्लंडचं पोलाद आपलंसं केलं, कारण ते एकसारखं होतं आणि पातळ पात्याला एकसारखं पोलादच हवं. ज्या इंग्लंडची करवत ‘आक्रमक’ ठरवली जाते त्याच देशाचं पोलाद ‘नम्र’ करवतीच्या पोटात होतं. लोहाराला त्यात काही विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. त्याला चांगलं पातं हवं होतं.

४

मग नम्रतेची ही कथा आली कुठून? एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ साली शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉड या सागरी जीवांच्या अभ्यासासाठी जपानला गेला आणि तिथल्या घरांच्या प्रेमात पडला. जपानी घरांवरचं त्याचं पुस्तक १८८६ सालचं. त्यात तो सुतारांच्या अवजारांची चित्रं काढतो आणि जपानी सुतार आपल्या देशातल्या सुतारापेक्षा सरस आहे असं स्वच्छ सांगतो. मोर्सची नजर प्राणिशास्त्रज्ञाची आहे. काय दिसतं, कसं वापरतात, काम कसं उतरतं, हे तो पाहतो. करवतीतून राष्ट्राचं मन वाचण्याचा मोह त्याला होत नाही.

तो मोह नंतरचा. यानागी सोएत्सु यांचे लोककलेवरचे निबंध बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने इंग्रजीत आणले आणि १९७२ साली त्यांचं पुस्तक झालं. नावातच ‘अज्ञात कारागीर’ आहे. नाव न लावणारा, अहंकार गळून पडलेला, हातातून सौंदर्य आपोआप उमटणारा हा कारागीर पाश्चात्त्य हौशी कारागिरांना फार भावला. यानागींच्या विचाराची खोली मला मान्य आहे; साध्या वापरातल्या भांड्याकडे पाहायला त्यांनी शिकवलं. पण करवतीच्या बाबतीत हा सिद्धान्त लागू पडत नाही. हाताने घडवलेल्या जपानी करवतीच्या पात्यावर लोहाराचं नाव कोरलेलं असतं. सुतार नाव पाहून करवत घेत. हा कारागीर अज्ञात नव्हता, त्याला अज्ञात राहायचंही नव्हतं. वाचकाला मात्र तो तसा हवा होता.

रोलाँ बार्थ यांचं जपानवरचं पुस्तक १९७०चं. खाण्याच्या काड्या अन्नाला भोसकत नाहीत, कापत नाहीत, ती काट्या-सुरीची हिंसा तिथे नाही, असं विवेचन त्यात आहे. ओढायच्या करवतीविषयी जे लिहिलं जातं त्याचं हे थेट भावंड. पण बार्थ सुरुवातीलाच सांगून टाकतात, की आपण खऱ्या जपानविषयी काही दावा करत नाही; काही खुणा उचलून आपण एक रचना केली आहे आणि तिला जपान हे नाव दिलं आहे. हा प्रामाणिकपणा करवतीच्या लेखकांत सापडत नाही. ते आपली रचना वस्तुस्थिती म्हणून देतात, आणि ती सुद्धा अवजाराच्या किमतीसह.

तोशिओ ओदाते यांचं जपानी अवजारांवरचं पुस्तक १९८४ साली अमेरिकेत निघालं. या विषयावरचं हे सर्वांत प्रभावी पुस्तक, आणि माझ्या जुन्या लेखाचा मुख्य आधार. ओदाते तरुणपणी सरकत्या दारांच्या कारागिराकडे उमेदवारी करून शिकले, १९५८ साली अमेरिकेत गेले, तिथे शिल्पकार आणि शिक्षक झाले. पुस्तकाच्या उपशीर्षकात तीन गोष्टी आहेत : परंपरा, वापर आणि या दोहोंच्या मध्ये एक इंग्रजी शब्द, ज्याचं भाषांतर मी तेव्हा ‘आत्मा’ असं केलं होतं. आता पुन्हा वाचताना लक्षात आलं की तिथे ‘वृत्ती’ म्हणायला हवं होतं. ओदाते ज्याविषयी बोलतात ते करवतीत राहत नाही, माणसात राहतं. कारागिराने कौशल्याबरोबर समाजाविषयीची जबाबदारीही उचलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. नववर्षाला कारागीर अवजारं स्वच्छ करून पेटीवर तांदळाचे मोची ठेवत, असं ते सांगतात. खंडेनवमीला वाकस, पटाशी, रंधा पाटावर मांडून हळदकुंकू वाहणाऱ्या सुताराचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला यात गूढ काही वाटणार नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याचे आभार मानायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून खंडेनवमीच्या करवतीला आत्मा असल्याचा निष्कर्ष आपण काढत नाही. जपानच्या बाबतीत मात्र काढतो, कारण जपानविषयी तसं ऐकायची आपली तयारी आधीच झालेली असते.

याला उतारा म्हणून विल्यम कोल्ड्रेक यांचं १९९०चं पुस्तक वाचावं. अवजारं बदलली तशी जपानी वास्तुकला कशी बदलत गेली, याचा शोध त्यात आहे. करवत तिथे इतिहासाच्या प्रवाहात उभी आहे. ती कुठून तरी येते, काहीतरी शक्य करते आणि स्वतःही बदलते. माझ्या संग्रहात हे पुस्तक ओदाते यांच्या शेजारीच होतं. मी त्यातली चित्रं पाहिली होती.

५

आता त्या कानशीला न ऐकणाऱ्या दातांकडे येतो.

हाताने घडवलेली जपानी करवत बोथट झाली की ती ‘मेताते’कडे जात असे. करवतींना धार लावणं हा जपानात स्वतंत्र धंदा होता. लोहार पातं घडवी आणि मेताते त्याला कामाचं करी. अत्यंत पातळ कानशीने एकेका दाताचे पैलू घासायचे, दात आळीपाळीने दोन्ही बाजूंना केसभर झुकवायचे, ऐरणीवर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पात्यातला पीळ काढायचा, आणि हे सगळं गिऱ्हाईक कोणतं लाकूड कापतं ते विचारून करायचं. सुगी कापणाऱ्याचे दात वेगळे, कठीण लाकूड कापणाऱ्याचे वेगळे. जपानी करवतीची जी कीर्ती आहे तिच्यात मेतातेचा वाटा लोहाराइतकाच आहे.

माझी करवत या जगातली नव्हती. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक जपानी करवती बदलत्या पात्याच्या असतात. कोबेजवळचं मिकी हे गाव अशा अवजारांसाठी प्रसिद्ध आहे. यंत्रावर कापलेल्या दातांची फक्त टोकं उच्च वारंवारितेच्या विद्युतप्रवाहाने क्षणार्धात तापवून कडक केली जातात; दातांवर दिसणारी निळसर-काळी झाक त्याचीच. टोकं कानशीहून कठीण होतात आणि फार काळ टिकतात. पण बोथट झाली की धार लागत नाही. पातं काढायचं, टाकायचं आणि नवं बसवायचं. नवं पातं मेतातेच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतं.

यात कारखान्याचा दोष काढावा असं मला वाटत नाही. माझ्यासारख्या हौशी माणसाला इतका स्वच्छ काप देणारं अवजार इतक्या कमी पैशांत पूर्वी कधी मिळालं नसतं. दिवसभर राबणाऱ्या सुताराचाही वेळ वाचतो. आक्षेप आहे तो आमच्या, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या भाषेवर. १९८४ साली ओदाते यांचं पुस्तक आलं, त्याच साली कोबेमध्ये ताकेनाका सुतारकाम अवजारांचं संग्रहालय सुरू झालं. फेकून द्यायचं पातं त्याच सुमाराला बाजारात रुळत होतं. म्हणजे अवजाराच्या आत्म्याचं वर्णन जगभर पसरत गेलं ते अवजार एकदा वापरून टाकायची वस्तू होत असतानाच. ते वर्णन वाचून आम्ही करवत घेतली, आणि हातात आलेल्या करवतीचा त्या वर्णनाशी असलेला संबंध मेताते गेल्याबरोबर तुटला होता. आम्हाला ते कळलं नाही, कारण आम्ही वाचलेल्या कथेत मेताते नव्हताच. त्यात सुतार, करवत आणि लाकूड एवढेच होते. ओढ नम्र आहे की रेटा आक्रमक, या चर्चेत ज्याच्या बोटांनी दोन्हींना धार येते तो माणूस सुटून गेला.

अवजाराविषयीच्या लेखनाला मी आता एक साधा निकष लावतो. हे अवजार बिघडलं की कोणाकडे न्यायचं, हे त्या लेखनाला माहीत आहे का? मोर्सच्या पुस्तकाला तो लावता येतो, ओदाते यांच्याही, कारण त्यांच्या पानांवर कामाची माणसं आहेत. होकुसाईचं चित्र त्याला पूर्ण उतरतं. माझा जुना लेख उतरत नाही.

त्या दिवशी काकांनी पैसे घेतले नाहीत. पातं परत देताना त्यांना मी समजावून सांगितलं, की ही जपानी आहे, हिचे दात मुद्दाम असे कडक केलेले असतात, बोथट झाली की पातं बदलायचं. पूर्वी तिकडे हाताने घडवलेल्या करवती असत, त्यांना धार लावणारे खास कारागीर असत, त्यांचं मोठं नाव असे, हेही सांगितलं. जे पुस्तकांत वाचलं होतं ते सगळं मी फुटपाथवर उभा राहून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. झिजलेली कानस फडक्याने पुसून बाजूला ठेवली आणि विचारलं,

“मग ते आता काय करतात?”

मला उत्तर देता आलं नाही. समोर त्यांच्या पोत्यावर त्या दिवशी धार लावायला आलेल्या करवती होत्या. मी मोजल्या. दोन होत्या.